शेतकऱ्याचा मुलगा आणि मासिकातले लेखन

महसूल खात्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या ओट्यावर जी मंडळी येतात, त्यांचे काम बहुधा कागदाचेच असते. कोणाची वारसनोंद अडलेली असते, कोणाच्या फेरफारावर हरकत आलेली असते, कोणास बांधाच्या तंट्यात अर्ज लिहून पाहिजे असतो. परंतु अलीकडे या मंडळींत एक निराळाच वर्ग मिसळू लागला आहे. विशी-बाविशीतले, पदवी घेतलेले, घरी पाच-दहा एकर जमीन असलेले हे तरुण विचारतात की, आम्हांस मासिकांत लिहावयाचे आहे, पत्रकार व्हावयाचे आहे, तर शिरकाव कसा करावा? त्यांचे वडील मागे उभे असतात आणि त्यांच्या मुद्रेवर दुसराच प्रश्न असतो. तो हा की, या नादाने पोरगा शेतीतून जाणार तर नाही ना? या दोन्ही प्रश्नांस मिळून एकच उत्तर आहे असे आम्हांस वाटते, आणि ते शोधण्यास नेवासे तालुक्याबाहेर जावे लागत नाही.

नेवासे म्हटले की लेखनाच्या बाबतीत सर्वांस पहिल्याने काय आठवते ते सांगावयास नको. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 त, प्रवरेच्या तीरी ज्ञानेश्वर महाराजांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, आणि ज्या खांबाला टेकून ते सांगितले त्या पैसाच्या खांबाचे दर्शन आपण सर्वजण घेतोच. परंतु इतके थोर उदाहरण पुढे ठेवले म्हणजे तरुण मनुष्यास हुरूप येण्याऐवजी तो दबून जातो. त्याने आपले माप त्या खांबाशी लावू नये. त्याने आमच्या तालुक्यातील तरवडीकडे पाहावे. तेथील एका पाटलाने वयाच्या पंचविसाव्या वर्षी साप्ताहिक काढले आणि मरेपर्यंत चालविले. त्यांचे नाव मुकुंदराव गणपतराव पाटील आणि त्यांच्या पत्राचे नाव ‘दीनमित्र’.

त्यांची हकीकत सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे, कारण कागद आणि कुणबी यांचे वैर जुने आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना लिहिलेला कागद म्हणजे काय, हे फार निराळ्या रीतीने ठाऊक होते. कागद म्हणजे कर्जरोखा, कागद म्हणजे हुकूमनामा, कागद म्हणजे जप्तीची नोटीस. तो दुसऱ्याने लिहावयाचा, दुसऱ्याने वाचून दाखवावयाचा, आणि आपण खाली अंगठा किंवा नांगराची निशाणी करावयाची. 1875 सालच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही आले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या घरांतून पहिल्याने काय मागितले? धान्य नव्हे, दागिने नव्हेत. रोखे आणि वह्या मागितल्या, व मिळाल्या तेथे जाळल्या. ज्यांस अक्षर ओळखता येत नव्हते, त्यांस अक्षराचे सामर्थ्य किती नेमके कळले होते पाहा! सरकारलाही ते उमगले. 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावरजिस्ट्रारापुढे लिहिला जावा, अशी तरतूद घातली गेली. म्हणजे कोण लिहितो आणि कोणासमोर लिहितो, यावर जमीन राहते की जाते हे ठरत होते.

या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, 1 जानेवारी 1877 रोजी, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे कृष्णराव भालेकर यांनी ‘दीनबंधु’ नावाचे साप्ताहिक काढले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले हे गृहस्थ. दंग्याने त्यांस पत्र काढावयास लावले असे आम्ही म्हणत नाही. परंतु एकीकडे दुसऱ्याच्या हातचे कागद जाळणे आणि दुसरीकडे आपल्या हातचा कागद छापणे, ही दोन कृत्ये दोन वर्षांच्या अंतराने एकाच मुलखात घडली, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे. ‘दीनबंधु’ पुढे 1880 च्या सुमारास मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेला. भालेकर मात्र शेतकऱ्यांत हिंडत, व्याख्याने देत, लिहीत राहिले आणि 1910 साली वारले.

याच भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव. जन्म 1885 चा. ते दत्तक जाऊन तरवडीच्या पाटील घराण्यातले झाले. त्या घराण्यातील गणपतराव पाटील यांनीही 1888 साली ‘दीनमित्र’ नावाचे मासिक काढले होते, पण ते फार वर्षे चालले नाही. तेव्हा मुकुंदरावांच्या वाट्याला जन्मदात्या बापाकडून पत्रकाराची खोड आली आणि दत्तक घराकडून एका बंद पडलेल्या मासिकाचे नाव आले. पाटीलकी व जमीन होती ती निराळीच. ज्या साली भालेकर वारले त्याच साली, 1910 च्या नोव्हेंबरात, त्यांनी जिल्ह्यातीलच सोमठाणे या खेड्यातून ‘दीनमित्र’ साप्ताहिक म्हणून पुन्हा सुरू केला. पुढे तो तरवडीहून निघू लागला.

खेड्यातून वर्तमानपत्र काढणे ही गोष्ट आज ऐकताना सोपी वाटते, सबब तो काळ कसा होता ते सांगतो. त्याच वर्षी, 1910 च्या आरंभी, सरकारने छापखान्यांचा नवा कायदा केला होता. नवीन छापखाना घालणाऱ्याने मॅजिस्ट्रेटापुढे पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत जामिनकी भरावी, आणि सरकारास न आवडणारे काही छापले तर ती जप्त व्हावी, असा त्याचा रोख होता. मॅजिस्ट्रेटाने खास कारणाने माफ केली तर केली. त्या वेळचे पाचशे रुपये म्हणजे काय, हे घरातील जुन्या खरेदीखतावरील जमिनीची किंमत पाहून वाचकांनी आपल्याशीच ताडावे. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे 1911 च्या खानेसुमारीत हिंदुस्थानात लिहिता-वाचता येणारे शंभरात सहाच भरले, आणि खेड्यातील कुणब्यांत तर त्याहूनही कमी असणार. ज्या वर्गासाठी पत्र काढावयाचे त्या वर्गाला ते वाचता येत नाही, अशी ही स्थिती. कोणाही शहाण्या माणसाने पुण्यास किंवा मुंबईस बिऱ्हाड केले असते. मुकुंदरावांनी केले नाही. 1967 साली ते वारले तोपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, ‘दीनमित्र’ व त्याचा संपादक दोघेही खेड्यातच राहिले. त्यांच्यामागून बडोद्यास पाळेकरांची ‘जागृति’ 1917 साली निघाली, पुण्यास श्रीपतराव शिंद्यांचा ‘विजयी मराठा’ 1919 साली निघाला. त्या दोन्ही पत्रांचे काम मोठे आहे, पण ती शहरांतली पत्रे होती.

आता जो तरुण आम्हांस विचारतो की मासिकात शिरकाव कसा व्हावा, त्याने मुकुंदरावांचे एक पुस्तक पाहावे. त्याचे नाव ‘कुळकर्णी लीलामृत’ आणि साल 1913. वतनदार कुळकर्णी गावचे दप्तर ठेवताना अडाणी रयतेस कसा नाडतो, हा त्याचा विषय. कोणत्या वेळी कोणता कागद पुढे करावा, कोणती नोंद राहून जावी, कोणत्या पावतीची आठवण पडू नये, हे सारे त्यात आहे. आणि ते लिहिले कशात? इंग्रजी शिकलेल्या मंडळींच्या निबंधाच्या भाषेत नव्हे. पोथीच्या धर्तीवर, ओवीत. ज्या गावात शंभरात दोघांस वाचता येते तेथेही श्रावणात पोथी लागते, एक वाचतो आणि पन्नास ऐकतात, हे त्यांस पक्के ठाऊक होते. तेव्हा वाचक नाही म्हणून रडत न बसता, श्रोता कोठे बसला आहे हे त्यांनी पाहिले.

या पुस्तकाविषयी बोलताना आम्हांस थोडा संकोच होतो, कारण आमचा सारा जन्म त्याच दप्तराच्या वासात गेला. जातीने नव्हे तरी धंद्याने आम्ही त्याच कलमाचे वारस. आणि म्हणूनच साक्ष देण्याचा अधिकारही आम्हांस आहे. त्या पुस्तकातील टीका कोठे कोठे एका जातीवर सरसकट उतरते व ती आम्हांस अतिव्याप्त वाटते. चांगले कुळकर्णीही होते, आणि वाईट तलाठी तर आम्ही स्वतः पाहिले आहेत. परंतु दप्तराची जी चलाखी त्यात वर्णिली आहे ती ऐकीव नाही. ती लिहिणाऱ्याने चावडीवर बसून, वही डोळ्यांपुढे धरून पाहिलेली आहे. शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापुरात कुळकर्णी वतने बंद केली आणि मुंबई राज्यात ती 1950 च्या कायद्याने गेली. एका पुस्तकाने हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण ज्या लोकमताच्या जोरावर घडले ते तयार करण्यात तरवडीच्या लेखणीचा वाटा होता. मुकुंदरावांनी ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ सारखी कादंबरीही लिहिली. तथापि आमच्या मते त्यांचे बळ कल्पनेत नाही, माहितीत आहे. जे त्यांस गावच्या पाटलाच्या नात्याने कळत होते, ते पुण्याच्या संपादकास हजार रुपये खर्चूनही कळले नसते.

हीच नवीन लेखकाची पुंजी होय. तरुण मंडळी आमच्याकडे नमुना म्हणून जे लेख आणतात त्यांचे विषय असे असतात: ‘भारतीय शेतीपुढील आव्हाने’, ‘हवामानबदल आणि आपण’, ‘ग्रामीण भागाचा विकास’. आम्ही ते सगळे वाचतो. त्यांत चूक काही नसते. पण ते नेवाशाच्या मुलानेच लिहावे असेही त्यांत काही नसते. संपादकाच्या मेजावर अशा लेखांचा ढीग असतो, आणि ढिगातून एक उचलावयाचा तर तो नावाजलेल्या प्राध्यापकाचा उचलतो. त्याला दोष का द्यावा?

याउलट दुसरे उदाहरण घ्या. आपल्याच नगरास अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याच ‘ज्ञानोदया’त 1855 साली मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, वय सुमारे चौदा. तिच्यापाशी ना पदवी, ना ओळख, ना ग्रंथसंग्रह. तिच्या जातीवर काय गुजरत होते ते तिला ठाऊक होते, आणि ते तिने लिहिले. त्या काळच्या कित्येक विद्वानांचे निबंध आज कोणी काढूनही पाहत नाही, पण या मुलीचा निबंध अजून वाचला जातो. ज्या तरुणास वाटते की आपण लहान आहोत, आपणास कोण विचारतो, त्याने ही तारीख लिहून ठेवावी.

लेख परत आला म्हणजे पुष्कळांचा धीर खचतो. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 चा. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढची छापावयाचे थांबले. ‘दीनबंधु’ काही परक्याचे पत्र नव्हे. आपल्याच चळवळीचे, आपल्याच माणसाच्या संपादकत्वाखालचे. तेथेही जोतीरावांचा लेख अडला! त्यांनी लिहावयाचे सोडले नाही. ती प्रकरणे त्यांनी सभांतून लोकांस वाचून दाखविली, बडोद्यास सयाजीराव महाराजांसही ऐकविली. संपादकाने नाकारले म्हणजे लेख वाईट असेलच असे नाही, आणि चांगला असेलच असेही नाही. एकदा पुन्हा वाचावा, खोटे किंवा फुगवलेले काही दिसले तर काढावे, आणि दुसरीकडे पाठवावा. मात्र एकच लेख एकाच वेळी दोन मासिकांकडे पाठवू नये. दोघांनी छापला तर लेखक दोघांच्याही मनातून उतरतो.

आता कामाचे थोडे सांगतो. आमच्या खात्यात पंचनामा म्हणून जो प्रकार आहे त्याला लोक नावे ठेवतात, पण लेखकाने तो शिकून घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. चांगल्या पंचनाम्यात तारीख असते, वेळ असते, चतुःसीमा असतात, कोण हजर होते ते असते, आणि मुख्य म्हणजे समक्ष पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते हे वेगळे असते. ‘पिकाचे अतोनात नुकसान झाले’ असे आमच्या वेळी कोणी शिकाऊ तलाठ्याने लिहिले तर वरिष्ठ तो कागद परत करीत आणि विचारीत, कोणत्या गटात, किती गुंठ्यांत, पीक कोणते, किती दिवसांचे, पाणी किती वेळ उभे होते? ही विचारपूस लेखकाने स्वतःची स्वतः करावी. एकराचे चाळीस गुंठे असतात, तेव्हा ‘पुष्कळ जमीन’ हा शब्द लिहिण्याचे कारणच पडत नाही.

कांद्याचेच पाहा. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात सरकारने बंद केली आणि मे 2024 मध्ये खुली केली. त्या पाच महिन्यांत पत्रांतून भाव पडल्याच्या बातम्या आल्या, पुढाऱ्यांची भाषणे आली, आंदोलनांची छायाचित्रे आली. हे सर्व योग्यच होते. परंतु समजा, एखाद्या तरुणाने आपल्याच शिवारातील एक शेतकरी धरला असता, आणि लागवडीची मजुरी किती, गोणी कितीला, घोडेगावच्या बाजारात माल कोणत्या तारखेस नेला, वजन किती भरले, हमाली-तोलाई वजा जाऊन हाती काय आले, हे पावत्या पाहून उतरवून घेतले असते. बंदीपूर्वीच्या एका आठवड्याची पट्टी आणि बंदीनंतरच्या आठवड्याची पट्टी शेजारी शेजारी ठेवली असती. मधल्या व्यापाऱ्याकडेही जाऊन त्याचे म्हणणे घेतले असते. असा लेख कोणत्याही संपादकाने उचलून धरला असता, कारण तो त्यास मुंबईत बसून मिळण्यासारखा नाही. शेतकऱ्याच्या घरातील मुलगाच त्या पावतीपर्यंत पोहोचतो. परक्यास कोणी पावती दाखवीत नाही.

व्यापाऱ्याचे म्हणणे घ्यावे असे जे आम्ही म्हटले, त्यावर आमच्या काही मित्रांचा आक्षेप असतो. ते म्हणतात, तो लबाडच असतो, त्याला काय विचारावयाचे? आमचा अनुभव असा की, दुसऱ्या बाजूचा जबाब नसलेले प्रकरण अपिलात टिकत नाही. लेखाचेही तसेच. व्यापारी खोटे बोलला तर ते खोटे त्याच्या नावावर छापले जाते, लेखकाच्या नव्हे.

मासिक आणि दैनिक यांतला फरक मात्र नवीन मनुष्याने ओळखला पाहिजे. दैनिकास आजचे हवे, मासिकास दोन महिन्यांपुढचे. चैत्र-वैशाखात उन्हाळी कांदा चाळीत भरावयाचा असतो, तेव्हा चाळीची हवा कशी खेळती ठेवावी, तळ किती उंच असावा हा लेख माघातच संपादकाच्या हाती पडला पाहिजे. पुष्कळ तरुण ज्या महिन्यात पीक काढतात त्याच महिन्यात त्यावर लेख पाठवतात. तो छापून येईतो वाचकाचा कांदा सडून गेलेला असतो किंवा विकून झालेला असतो. हंगामाचे पंचांग ज्याच्या डोक्यात आहे तो या बाबतीत शहरातल्या लेखकाच्या पुढे आहे, पण ते पंचांग त्याने लिहिताना विसरू नये एवढेच.

नांगराच्या कारखान्यातूनही मासिक कसे उभे राहते याचा दाखला किर्लोस्करांचा आहे. ज्या 1910 साली ‘दीनमित्र’ निघाला, त्याच साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर करणाऱ्या या मंडळींनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे पत्रक काढले. गिऱ्हाइकांस कारखान्याची माहिती कळावी हा मूळ हेतू. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते वाढले, ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि त्याच्या जोडीला 1930 त ‘स्त्री’ व 1934 त ‘मनोहर’ निघाले. त्या मासिकांनी महाराष्ट्राला कितीतरी लेखक दिले. हे आम्ही एवढ्यासाठी सांगतो की, नवीन लेखकाने लहान पत्रास कमी लेखू नये. साखर कारखान्याचे, बँकेचे, सोसायटीचे, मंडळाचे जे मासिक किंवा वार्षिक निघते तेथे आरंभ करावा. तेथे प्रत्येक वाचक लेखकास ओळखतो. एकरी उत्पन्नाचा आकडा फुगविला तर दुसऱ्या दिवशी पारावरच हिशेब होतो. मोठ्या पत्रात अशी झाडाझडती घेणारा जवळ कोणी नसतो.

पैशाचे काय, हा वडील मंडळींचा प्रश्न राहिलाच. खरे ते सांगावे हे बरे. पुष्कळ मराठी मासिके नवीन लेखकास मानधन देत नाहीत, आणि जी देतात त्यांच्या मानधनावर बैलजोडीची पेंडही निघत नाही. सबब जो तरुण शेत सोडून लेखणीवर घर चालवू म्हणतो त्यास आम्ही तरी प्रोत्साहन देणार नाही. मुकुंदरावांमागे जमीन होती, म्हणून त्यांची लेखणी कोणाच्या दारी गेली नाही. पोट भरण्यासाठी जो लिहितो त्याच्याकडे बियाण्याचा किंवा औषधाचा विक्रेता लवकरच येतो, जेवण घालतो, सहल घडवितो, आणि आपल्या वाणाविषयी चार शब्द लिहावयास सांगतो. असे शब्द छापून आल्यावर जो शेतकरी ते बियाणे घेऊन फसतो, तो विक्रेत्यास ओळखत नाही. तो लेखकाच्या गावचा असतो. ज्याच्या घरी ज्वारीची कणगी भरलेली आहे त्यास नाही म्हणणे सोपे जाते. म्हणून वडिलांच्या भीतीस आमचे उत्तर असे की, लिहिणारा मुलगा शेतात राहिला तरच त्याचे लिहिणे कामाचे, आणि शेताबाहेर गेला तर त्याचा मालच संपला.

आजच्या तरुणास साधनांची अडचण नाही. जामिनकी भरावी लागत नाही. 1867 चा जुना छापखाना-कायदा जाऊन 2023 चा नवा आला आणि नियतकालिकाची नोंदणीही संगणकावरून होऊ लागली. खिशातल्या मोबाईलवर देवनागरी लिहिता येते, फोटो काढता येतो, लेख क्षणात पोहोचतो. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करू लागला. ज्याचा जन्म त्या रकान्यांत गेला त्या आम्हांस याचे जे नवल वाटते ते इतरांस वाटणार नाही. परंतु तो रकाना आहे तेवढेच सांगतो. अमुक गटात कांदा अमुक आर, एवढे त्यात भरते. तो कांदा लावण्यासाठी काय मोडले, कोणाकडून हातउसने घेतले, विहिरीत पाणी किती परस उरले, यास शासकीय नमुन्यात रकाना नाही. ते कोणीतरी निराळे लिहावे लागते. आणि आपण लिहिले नाही तर दुसरा कोणी लिहितो, जो गाडीतून दोन तासांसाठी आलेला असतो.

आमच्या तालुक्यापुरते बोलावयाचे तर लिहिण्याजोगे इतके पडले आहे की, दहा तरुणांस दहा वर्षे पुरावे. सोनईचा व भेंड्याचा कारखाना उभा राहण्यापूर्वी त्या शिवारात काय पिकत होते, आणि उसाने कोणते पीक हुसकावले? मुळेचे पाणी आल्यावर कोणत्या जमिनी सुधारल्या आणि कोणत्या चोपण झाल्या? ‘दीनमित्रा’चे अंक कोणत्या कोणत्या गावी, कोणाच्या घरी जात, आणि चावडीवर ते कोण वाचून दाखवी? तरवडीस मुकुंदरावांच्या नावाने स्मारक समिती आहे व ती लेखकांस दरवर्षी पुरस्कार देते. तेथपासून चौकशीस आरंभ करता येईल.

पण या सर्वांत एक विषय असा आहे की तो थांबू शकत नाही. जायकवाडीच्या धरणाचा पाया 1965 साली घातला गेला आणि 1976 साली धरण राष्ट्रास अर्पण झाले. नाथसागराच्या फुगवट्याखाली नेवासे व शेवगाव तालुक्यांतील गोदाकाठची काळी जमीन गेली, गावठाणे गेली, मळ्यांतल्या विहिरी गेल्या. किती हेक्टर गेले आणि मोबदला किती ठरला हे सरकारी दप्तरात आहे व ते दप्तर कोठे जात नाही. परंतु घरावरची कौले उतरवून गाडीत भरली तो दिवस कसा होता, देवळातला देव कोणी उचलला, नव्या गावठाणात पहिले पाणी कोठून आणले, मोबदल्याचे पैसे कोणत्या कामी लागले आणि किती दिवस पुरले, हे फक्त माणसांपाशी आहे. 1965 साली जे वीस वर्षांचे कर्ते पोरगे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्यास लिहावयाचे आहे त्याने वही आणि पेन्सिल घेऊन या खळ्याच्या दिवसांतच त्यांच्याकडे जावे, सकाळच्या वेळी जावे, कारण दुपारनंतर म्हाताऱ्या माणसांस थकवा येतो, आणि ते सांगतील त्याच शब्दांत उतरवून घ्यावे.